लुडविगमधला ‘श्रुत’

नवी ओळख झाली की आपण म्हणतो, ‘तुमची कीर्ती ऐकून आहे.’ कीर्ती आधी कानांवर येते, माणूस नंतर भेटतो. लुडविग हे मुलाचं जर्मन नाव नेमकं याच जाणिवेतून घडलं आहे.

त्याचं जुनं रूप ‘ह्लूदविग’. ‘ह्लूद’ म्हणजे ज्याच्याविषयी ऐकलंय असा, नामांकित. ‘विग’ म्हणजे लढाई. रणात नाव कमावलेला तो लुडविग. इंग्रजीतला ‘लाउड’ हा याच ‘ह्लूद’चा वंशज.

मला मात्र खरी गंमत वाटते ती पुढेच. हा ‘ह्लूद’ आणि संस्कृतातला ‘श्रुत’ मुळात एकच शब्द आहेत! ऐकायला दोन्ही किती वेगळे वाटतात. पण भाषाशास्त्र कानाला काय सारखं वाटतं यावर विसंबत नाही, ते ध्वनिबदलांचे नियम तपासतं. संस्कृतात जिथे ‘श’ येतो, तिथे जर्मेनिक भाषांत (जर्मन, इंग्रजी वगैरे) ‘ह’ सापडतो: श्वान आणि हाउंड, शत आणि हंड्रेड. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये अशा व्यंजनबदलांची नियमवार मांडणी केली. तरी एक पेच उरला. काही शब्दांत ‘त’चा ‘थ’ झाला, मग ‘शत’मधल्या ‘त’चा ‘ड’ का? १८७०च्या दशकात कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने उत्तर शोधलं, आणि त्याला वाट दाखवली वैदिक स्वरांनी, म्हणजे वेदपाठातल्या आघातांनी. आघात ‘त’च्या लगेच आधीच्या अक्षरावर नसेल, तर तो ‘त’ मृदू होऊन ‘ड’ होतो. वेदपाठात ‘शत’ आणि ‘श्रुत’ या दोन्ही शब्दांत उदात्त, म्हणजे हा आघात, शेवटच्या अक्षरावरच आहे. वेदपाठकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले स्वर जर्मन शब्दांचं कोडं सोडवायला कामी आले, हे मला आजही थक्क करतं.

दोन शब्द जोडून नाव ठेवण्याची रीतही दोन्हीकडची. शत्रुघ्नाची पत्नी श्रुतकीर्ती आठवा.

फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस (मृत्यू ५११) हाही खरं तर ह्लूदविगच. फ्रेंचांच्या तोंडी पुढे याच नावाचं ‘लुई’ झालं. क्लोव्हिसच्या घराण्याची गादी ७५१ मध्ये दुसऱ्या घराण्याने बळकावली. त्या नव्या घराण्यातल्या शार्लमेनला ७७८ मध्ये जुळे मुलगे झाले. त्याने त्यांची नावं आपल्या कुळातली ठेवली नाहीत, पदच्युत घराण्यातली निवडली: लुडविग आणि लोथार. लोथार लहानपणीच गेला. लुडविग सम्राट झाला, आणि फ्रान्सच्या अठरा लुईंची मोजणी त्याच्यापासूनच सुरू होते.