ग्रामसभा आणि मासिक सभा: ठराव नेमका कोणाचा?

‘ते ग्रामसभेत ठरलंय.’ सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर हे ऐकायला मिळतं, आणि पुष्कळदा ते ठरलेलं असतं मासिक सभेत. करमाळा असो की अक्कलकोट, घोळ तोच.

तसा तो होणारच. हॉल एकच, खुर्चीत सरपंच, प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायला ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच). मासिक सभा तुम्हाला ठाऊकच आहे: निवडून दिलेले 7 ते 17 पंचायत सदस्य दर महिन्याला बसतात, खर्च मंजूर करतात, दिवाबत्तीचं बघतात. ग्रामसभा आर्थिक वर्षात किमान चार, बहुधा झेंडावंदनाला जोडून. इथवर कोणी अडत नाही.

अडतं ते पुढं. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. तिथं तुम्ही बघ्ये नाही, सदस्य आहात. मासिक सभेत तुमचं मत धरत नाहीत, इथं धरावंच लागतं. गावचा विकास आराखडा अमलात आणण्याआधी ग्रामसभेची मान्यता हवी. घरकुलासारख्या योजनांची यादीही तिच्यापुढंच यायला हवी. मासिक सभेचं काम त्यानंतरचं: निविदा, देखरेख, बिल. काय करायचं ते गावानं सांगायचं, करून पंचायतीनं घ्यायचं.

हा क्रम उलटला की काय होतं ते पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे 2021 ते 2026 साठी केंद्राकडून पंचायतींना ठरलेल्या पैशात दिसतं. त्यातले 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे. 40 टक्के अबंधित. आणि अबंधित म्हटलं की पेव्हर ब्लॉक! उशाला उजनी धरण असून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात मंदिरापुढं तिसऱ्यांदा ब्लॉक बसवायला कुठल्या ग्रामसभेनं सांगितलं होतं? सदस्यांनी आपसांत ठरवलं आणि आराखड्यात घातलं. ओढ्यावरचा बंधारा गाळानं भरलाय हे वस्तीवरच्या माणसाला माहीत असतं, पण त्याला विचारलेलंच नसतं.

‘आम्ही बहिष्कार टाकला, मग ठराव झालाच कसा?’ हा प्रश्न तर ऐकून कान किटले. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी ते. 2,000 मतदारांच्या गावात 300 नव्हे, 100 माणसं पुरतात. तेवढीही आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. तुम्ही घरी बसलात की पंधरा जणांचा ठराव अख्ख्या गावाचा होतो. विरोध असेल तर जा, उभं राहून बोला आणि विरोध नोंदवून घ्या.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर बऱ्याच ठिकाणी होते. घरोघरी वही फिरवून सह्या गोळा करायच्या आणि त्याला सभा म्हणायचं, याची मला मनस्वी चीड आहे.

आणखी एक, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कर्नाटक सीमेवरच्या गावांसाठी. तिथं चर्चा कन्नडात होते, प्रोसिडिंग मराठीत लिहिलं जातं. उठण्याआधी ते मोठ्यानं वाचून घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांना कन्नडात सांगायला लावा. सह्या त्यानंतर.

मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कोणालाही मोबाईलवर बघता येतो. काम तिथं दिसलं आणि तुम्हाला ते कधी चर्चेला आल्याचं आठवत नसेल, तर पंचायतीत जाऊन ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल मागा. हातात कागद पडला की आधी वरची ओळ वाचा. तिथं ‘मासिक सभा’ लिहिलेलं असेल, तर तुम्ही मागितलेला कागद तो नव्हे.