लकी लुचियानो : खुर्ची मोडून उभा केलेला कारभार

अमेरिकेतल्या इटालियन माफियाच्या बातमीत न्यूयॉर्कच्या 'पाच फॅमिली' म्हणजे पाच टोळ्या आणि त्यांच्यावरचं 'कमिशन' यांचा उल्लेख हटकून येतो. ही घडी बसली १९३१ मध्ये, आणि ती बसवण्यात सर्वांत मोठा हात होता चार्ल्स 'लकी' लुचियानोचा.

मूळ नाव साल्वातोरे लुकानिया. जन्म १८९७ चा, सिसिलीतल्या लेर्कारा फ्रिद्दी या गंधकाच्या खाणींच्या गावातला. नऊ-दहा वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला आलं. तिथल्या दाटीवाटीच्या वस्तीतच मेयर लॅन्स्की या ज्यू मुलाशी त्याची दोस्ती जमली आणि ती आयुष्यभर टिकली.

तो मोठा झाला तो दारूबंदीमुळे. जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली, पण पिणारे थांबले नाहीत. चोरट्या दारूला जहाजं, ट्रक, गोदामं, भांडवल आणि पोलिसांचे हप्ते लागत. नुसत्या गल्लीतल्या दादागिरीवर हे भागत नव्हतं. भांडवल आणि शहाणपण पुरवणारा जुगारसम्राट अर्नोल्ड रॉथस्टीन या पोरांना भेटला. धंदा करताना जात-धर्म-गाव बघायचं नाही, हे लुचियानोच्या पिढीनं त्या काळात पक्कं केलं.

जुन्या म्होरक्यांना ते पटत नव्हतं. १९३० मध्ये ज्यो मासेरिया आणि साल्वातोरे मारान्झानो यांच्यात टोळीयुद्ध पेटलं. लुचियानो मासेरियाचा माणूस, पण आतून तो मारान्झानोला मिळाला आणि १५ एप्रिल १९३१ रोजी कोनी आयलंडच्या एका रेस्टॉरंटमध्ये मासेरियाचा काटा काढला गेला. मग मारान्झानोनं स्वतःला सगळ्यांचा बॉस घोषित केलं. १० सप्टेंबरला पार्क अव्हेन्यूवरच्या त्याच्या कार्यालयात सरकारी अधिकारी असल्याचं भासवून काही जण शिरले. सुरे आणि पिस्तुलं घेऊन आलेल्या या मारेकऱ्यांत लॅन्स्कीच्या गोटातले ज्यू होते, म्हणून मारान्झानोच्या माणसांना चेहरे ओळखीचे वाटले नाहीत. त्या दिवशी देशभर डझनावारी जुने म्होरके मारले गेले, ही कथा मात्र अजून सांगितली जाते. इतिहासकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही.

पुढचं पाऊल खरं महत्त्वाचं. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर लुचियानो बसला नाही, त्यानं ती खुर्चीच मोडीत काढली. पाच फॅमिली तशाच ठेवल्या आणि त्यांच्या प्रमुखांसह शिकागो व बफेलोच्या टोळ्यांना घेऊन कमिशन नेमलं. हद्दीचे तंटे तिथे सुटत, आणि एखाद्या प्रमुखाला मारायचं तर कमिशनची संमती लागे.

त्याला गजाआड धाडण्याचं श्रेय विशेष सरकारी वकील थॉमस ड्यूईला मिळतं. माझ्या मते त्यात मोठा वाटा युनिस कार्टरचा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. ड्यूईच्या वीस सहायक वकिलांत ती एकटीच स्त्री होती आणि एकटीच कृष्णवर्णीय. वेश्याव्यवसायाचे खटले चालवताना तिच्या लक्षात आलं होतं की पकडलेल्या बायकांसाठी तोच वकील येतो, तेच जामीनदार उभे राहतात, बायकांच्या तोंडी कहाणीही तीच असते. म्हणजे कुंटणखाने सुटे नव्हते, मागे एकच यंत्रणा होती. ड्यूईला हे पटायला वेळ लागला. १ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री शहरभर छापे पडले, आणि जूनमध्ये त्या बायकांच्या साक्षींवर लुचियानोला तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा झाली. दहशतीच्या छायेत उभ्या राहून त्यांनी साक्षी दिल्या. पुढे काहींनी त्या फिरवल्याही. या धंद्यात त्याचा थेट हात किती होता, यावर आजही वाद आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोदीच्या सुरक्षेसाठी नौदलाच्या गुप्तचर खात्यानं त्याची मदत घेतली. तोवर गव्हर्नर झालेल्या ड्यूईनंच १९४६ मध्ये शिक्षा कमी करून त्याला इटलीला धाडलं. २६ जानेवारी १९६२ रोजी नेपल्सच्या विमानतळावर हृदयविकारानं तो गेला. कमिशन मात्र चालूच राहिलं. त्या कमिशनवरच थेट खटला भरला गेला तो १९८५ मध्ये, संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९७० च्या रिको कायद्याखाली.