‘डब्ल्यूओ’ क्रमांक म्हणजे जागतिक पेटंट नव्हे

‘आमच्याकडे आंतरराष्ट्रीय पेटंट आहे’ असं सांगत अनेकजण डब्ल्यूओ क्रमांक दाखवतात. असं पेटंट अस्तित्वातच नाही! तो क्रमांक पीसीटी (पेटंट सहकार्य करार) अर्जाच्या, म्हणजे अनेक देशांसाठी एकत्र केलेल्या अर्जाच्या प्रसिद्धीचा. त्याच शोधासाठी केलेल्या पहिल्या अर्जापासून १८ महिन्यांनी हा अर्ज प्रसिद्ध होतो, मंजूर नव्हे. जिनिव्हाची वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) पेटंट देत नाही. ते प्रत्येक देशाचं किंवा प्रदेशाचं कार्यालय देतं.

पीसीटी अर्ज या कार्यालयांत पुढे नेण्याची मुदत अमेरिकेत ३० महिने, भारतात आणि युरोपीय पेटंट कार्यालयात ३१. गोची होते ती मोजणीत: मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून धरायची, पीसीटी अर्जाच्या नव्हे. युरोपात चुकलीच, तर हक्क गेल्याची नोटीस आल्यावर दोन महिन्यांत राहिलेलं काम पूर्ण करून, जादा शुल्क भरून सावरता येतं. मंजुरीनंतर ‘युनिटरी’, म्हणजे युरोपीय संघातल्या सहभागी देशांत एकत्र लागू होणारं पेटंट हवं तर एका महिन्यात मागणी करा. त्यातही स्पेन येत नाही.