सांगता येतं तिथे घोळ होतो: खात्याच्या दुहेरी पडताळणीची पार्श्वभूमी

पुण्यात कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं, किंवा हिंजवडी-खराडीत कुणी नव्याने रुजू झालं, की पहिल्या दिवशीच निरोप येतो: खात्याला मोबाइल जोडा, क्यूआर कोड स्कॅन करा, नाहीतर लॉगिन बंद. लोक कपाळाला आठ्या घालून ते उरकतात. पासवर्ड दिलाय ना, मग ही दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डाच्या जोडीला ओळखीची दुसरी खूण, हा उपद्व्याप कशाला?

पासवर्ड मुळात भक्कम कुलूप म्हणून आलाच नव्हता. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने एकाच संगणकावर अनेकांना काम करता येईल अशी प्रणाली उभी केली. ज्याच्या फाइली त्याच्याकडे राहाव्यात, एवढ्यासाठी पासवर्ड. वर्षभरातच ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकावरचा वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने पासवर्डांची अख्खी यादीच छापून घेतली!

एका खुणेवर विसंबू नये हे आपल्याकडे जुनंच. मराठेशाहीतल्या कागदांवर माथ्याला शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब हा दुसरा शिक्का, खाली कुणी ओळ घुसडू नये म्हणून. ‘ध चा मा’ची आख्यायिका ज्या शहरात सांगतात, तिथे ही भीती वेगळी समजावायला नको.

आणि याच शहरात २००५ मध्ये ती खरी ठरली. इथल्या एका कॉल सेंटरमधल्या काही जणांनी अमेरिकेतल्या बँकेच्या खातेदारांशी बोलता बोलता त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या खात्यांकडे वळवले. कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. माणसं आपणहून बोलली होती. दुसऱ्या पडताळणीचा सगळा इतिहास, माझ्या मते, या एका गोष्टीभोवती फिरतो: जे तोंडाने सांगता येतं, ते कधीतरी सांगितलं जातं.

म्हणून हातातली वस्तू आली. मिनिटामिनिटाला आकडा बदलणारी किल्लीएवढी टोकन १९८० च्या दशकातली. पुढे आयटीतल्या कित्येकांच्या ओळखपत्राच्या दोरीला ती लटकू लागली. सर्वसामान्य माणसाला मात्र हा प्रकार बँकेने शिकवला. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली, आणि पुढे ‘ओटीपी आला का?’ हे घरोघरचं वाक्य झालं.

टोकन फोनमध्ये शिरलं ते साधारण २०१०-११ मध्ये. त्यामागची पद्धत २०११ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली. क्यूआर कोडमध्ये एक गुप्त किल्ली असते. ती तुमच्या फोनमध्ये आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे राहते. दोघेही ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांतून दर तीस सेकंदांनी तोच सहा आकडी कोड काढतात. म्हणून रेंज नसली तरी कोड मिळतो, आणि फोनचं घड्याळ चुकलं तर मिळालेला कोड चालत नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलं. दारावरचा रखवालदार गेला, उरलं ते लॉगिनचं पान. पण कोडही सांगता येतोच की! नुसतं ‘मान्य’ दाबायची सोय आली, तर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर मंजुरीच्या सूचनांचा मारा झाला आणि शेवटी त्याने एक मान्य केली. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटर या पडताळणीच्या ॲपमध्ये लॉगिनच्या स्क्रीनवरचा दोन आकडी अंक फोनमध्ये टाकावा लागतो; मे २०२३ पासून हे सक्तीचं झालं, ते असल्याच प्रकारांमुळे. झोपेत ‘मान्य’ दाबता येतं, अंक टाकता येत नाही.

पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात राहणारी डिजिटल किल्ली, ही आणखी पुढची पायरी. तिच्यामागचं वेब मानक मार्च २०१९ मध्ये पक्कं झालं. ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, नकली पानावर चालतच नाही. सांगायचं म्हटलं तरी सांगण्यासारखं काही तुमच्याकडे नसतं.

एक भोक मात्र उरतं, हेल्पडेस्कचं. फोन बदलला, जुना एक्स्चेंजमध्ये गेला, किल्ली त्यातच राहिली. मग ‘अहो, जरा रीसेट करून द्या ना’ असा फोन जातो, आणि पलीकडच्याला कळायला मार्ग नसतो की बोलतंय कोण. म्हणून जोडणी करतानाच दुसरं साधनही नोंदवून ठेवायला सांगतात. ते नसेल तर काही ठिकाणी फोनवर ऐकूनच घेत नाहीत: ओळखपत्र घेऊन समोर या.