पार्श्वभूमी : ढगांच्या माथ्यावरची वीज

मेअखेरीस ठाण्यापलीकडे वीज लवू लागली की मुंबईत गच्चीवरचे पापड-कपडे धावतपळत आत येतात. अशा ढगांच्या वर, जमिनीपासून ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, काही मिलिसेकंदांपुरते लाल झोत उमटू शकतात. ते म्हणजे स्प्राइट. आपल्याच डोक्यावरच्या ढगाचे स्प्राइट आपल्याला दिसत नाहीत, कारण ढगच आड येतो. दोन-तीनशे किलोमीटर लांबून, काळ्याकुट्ट आकाशात पाहावे लागते. मुंबईच्या झगमगाटात तर नावच नको.

तर्क मात्र जुना. १९२०च्या दशकात स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी हिशेब मांडला होता. मोठी वीज पडली की ढगावरचे विद्युतक्षेत्र एकदम वाढते. उंचीबरोबर ते क्षीण होते खरे, पण हवा त्याहून झपाट्याने विरळ होते; त्यामुळे वर कुठेतरी हवेला ते पेलवत नाही आणि ठिणगी पडते.

पुरावा मिळायला ६ जुलै १९८९ उजाडला. मिनेसोटा विद्यापीठातली मंडळी रॉकेटवर बसवायचा, मंद उजेडात चालणारा कॅमेरा तपासत होती. दूरच्या वादळावर उजेडाचे दोन खांब त्यात आपसूक टिपले गेले. मग स्पेस शटलच्या टेप चाळल्या, तर तिथेही तेच!

यंत्र लावावे एकासाठी आणि सापडावे भलतेच, हे या विषयात नेहमीचेच. कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली दूरच्या विश्वातले गॅमा किरणांचे स्फोट टिपायला. १९९४ मध्ये जाहीर झाले की गॅमा किरणांच्या काही चमका खालच्या, पृथ्वीवरच्या वादळांतूनच येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) उटी येथील ग्रेप्स-३ हा विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचा, प्रयोग. १ डिसेंबर २०१४ च्या गडगडाटी ढगात त्याला सुमारे १.३ अब्ज व्होल्टचा विभव (व्होल्टेज) आढळला. इतका प्रचंड विभव शक्य आहे, हेही विल्सन यांनीच सांगून ठेवले होते. जानेवारी २००३ मध्ये, कल्पना चावला यांच्या अखेरच्या कोलंबिया मोहिमेत, धुळीच्या अभ्यासासाठी नेलेला इस्रायली कॅमेरा रात्री वादळांकडे वळवला गेला आणि त्यातही स्प्राइट आले.

खास याच कामासाठीचे उपकरण मे २००४ मध्ये तैवानच्या फोर्मोसॅट-२ उपग्रहावर चढले. त्याचे नाव इसुअल. ८९१ किलोमीटरवरून ते क्षितिजाकडे आडवे पाहायचे : खाली ढग, मागे काळोख, मध्ये झोत. त्यामुळे उंचीही मोजता यायची. त्यातून कळले, की स्प्राइटपेक्षा ‘एल्व्ह’ कितीतरी जास्त घडतात. साधारण ९० किलोमीटरवर, मिलिसेकंदाच्या आत शेकडो किलोमीटर पसरणारी ही प्रकाशाची कडी. नुसत्या डोळ्यांनी ती हाती लागणे कठीणच.

फ्रान्सचा तारानिस उपग्रह वरून थेट खाली पाहत वादळांतला प्रकाश आणि गॅमा किरण एकाच वेळी मोजणार होता. १७ नोव्हेंबर २०२० रोजी त्याला नेणारे वेगा रॉकेट उड्डाणानंतर आठ मिनिटांत भरकटले. शेवटच्या टप्प्यातल्या नियंत्रणाच्या केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या. एवढ्या वर्षांची मेहनत अशी जावी, याची चुटपुट लागतेच. प्रकाश आणि गॅमाची अशी जोडमोजणी मात्र आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या एसिम या उपकरणाने २०१८ पासूनच सुरू केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकाच विजेतून निघालेली गॅमा-चमक आणि एल्व्ह त्याने एकत्र पकडले.