डेबियनमधील पॅकेजे दुसऱ्या संगणकावर नेणे

डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींच्या एका संगणकावर जी सॉफ्टवेअर पॅकेजे आहेत, तीच दुसऱ्यावर बसवण्याची पद्धत. नवे यंत्र घेतल्यावर किंवा प्रयोगशाळेतले संगणक एकसारखे करताना तिचा उपयोग होतो.

पॅकेज म्हणजे उचलून नेता येईल असा एक फोल्डर नव्हे. प्रोग्राम ‘यूएसआर’ फोल्डरमध्ये जातो, सेटिंग ‘ईटीसी’मध्ये, आणि काय बसवले आहे याची नोंद डीपीकेजी (पॅकेजे बसवणारा मूळ प्रोग्राम) ‘व्हार’मधल्या स्टेटस फाइलमध्ये ठेवतो. शिवाय बसवताना स्क्रिप्टही चालतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचे पॅकेज स्वतःसाठी ‘पोस्टग्रेस’ नावाचा वापरकर्ता तयार करते. नुसत्या फायली कॉपी केल्या तर प्रोग्राम एखादे वेळी चालेलही, पण डीपीकेजीच्या दप्तरी त्याची नोंद नसेल आणि अपडेट मिळणार नाहीत. म्हणून पॅकेजांऐवजी त्यांची यादी नेतात.

डीपीकेजीच्या जुन्या ‘गेट-सिलेक्शन्स’ पर्यायाने सरसकट सगळी पॅकेजे मिळतात: आपण मागितलेली आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या लायब्रऱ्याही. ती यादी जशीच्या तशी ॲप्टच्या (इंटरनेटवरून पॅकेजे आणून बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) इन्स्टॉल आज्ञेला दिली की लायब्रऱ्याही ‘मागून घेतलेल्या’ ठरतात आणि पुढे गरज संपलेली पॅकेजे काढणारी ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञा त्यांना हात लावत नाही. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ बरा. त्याची यादी फक्त मागून घेतलेल्या पॅकेजांची, म्हणून आटोपशीर असते, नको त्या ओळी खोडता येतात, आणि डिपेन्डन्सी, म्हणजे त्यांना लागणारी इतर पॅकेजे, ॲप्ट नव्या यंत्रावर स्वतः शोधतो. बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजांची भांडारे) मात्र आधी जोडाव्या लागतात.

दोन्हीकडची आवृत्ती एकच असलेली बरी. डेबियन ११ च्या यादीत पायथन ३.९ चे पॅकेज असेल, तर डेबियन १२ मध्ये ते सापडत नाही, तिथे ३.११ आहे.

इंटरनेट नसेल तर पॅकेजांच्या डेब फायलीच पेनड्राइव्हवर न्याव्या लागतात. ‘ॲप्ट-गेट’ त्या आपल्या कॅशमध्ये (उतरवलेल्या फायलींच्या फोल्डरमध्ये) राखून ठेवतो. ‘ॲप्ट’ ही आज्ञा मात्र २०१६ पासून बसवून झाल्यावर त्या पुसते, त्यामुळे कॅश उघडून पाहणाऱ्याला बऱ्याचदा रिकामे फोल्डर दिसते. मग ‘डीपीकेजी-रीपॅक’ने बसवलेल्या पॅकेजची डेब फाइल पुन्हा बांधता येते, तिच्यात आपण बदललेली सेटिंगही येतात, पण मूळ फाइलची सर ती नाही. एएमडी६४ साठीची, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीची, डेब फाइल वेगळा प्रोसेसर असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालत नाही. यादीला ही अडचण सहसा येत नाही.

स्नॅप, फ्लॅटपॅक किंवा पिप या सॉफ्टवेअर बसवण्याच्या वेगळ्या साधनांनी बसवलेले काहीही यांपैकी एकाही यादीत येत नाही.