दुकानाचं भाडं थकलं? नव्वद दिवस कुठून मोजायचे ते आधी पाहा

भुसावळ असो की धुळे, गाळामालकांचं रडगाणं सारखंच: आठ महिन्यांचं भाडं नाही, लाइटबिल माझ्या नावावर येतं, आणि दावा लावला तर तोही फेटाळला. अनेकदा घोळ असतो तो तारखेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम १५. थकबाकीपोटी गाळा परत मागायचा तर आधी लेखी मागणी नोटीस द्यावी लागते. ती भाडेकरूच्या हाती पडल्यावर ९० दिवस उलटेपर्यंत दावा लावताच येत नाही. अमळनेरच्या एका काकांची नोटीस २ जानेवारीची. पोहोचपावतीवर शिक्का ११ जानेवारीचा. दावा ४ एप्रिलला. ९० दिवस भरत होते ११ एप्रिलला! सात दिवसांसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे त्यांना नोटीस देतानाच कुणी सांगायला नको होतं का?

पाकीट घ्यायला नकार दिला, तर परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच वकिलाकडे द्या. घरच्या माणसाकडे किंवा नोकराकडे नोटीस देता येते. तेही जमलं नाही तर गाळ्यावर ठळक जागी चिकटवता येते. चिकटवल्यावर फोटो काढा. नोटिशीत भाडं महिन्यावार लिहा, लाइटबिल वेगळं दाखवा. तीन वर्षांपलीकडचं भाडं मुदतीबाहेर जातं.

बहुतेकांकडे नसतो तो कागद म्हणजे नोंदणीकृत करार. स्टँपवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, असं समजू नका. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, खोटं ठरवायचं काम तुमचं. तेव्हा पासबुकातल्या भाड्याच्या नोंदी आणि पावत्यांची स्थळप्रतच कामाला येते. बाकी मालमत्ता पत्रक, घरपट्टी पावती, वीजबिलं लागतातच.

हात जोडून सांगतो, कुलूप लावू नका, लाइट तोडू नका. लाइट तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि थकबाकीदार राहतो बाजूला, आरोपी तुम्ही होता. मीटर तुमच्या नावावर असेल तर महावितरण तुम्हालाच धरणार. बिल भरा, पावती जपा, दाव्यात मागा.

भुसावळ-धुळ्यासारख्या ठिकाणी दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. सक्षम प्राधिकाऱ्याकडचा (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) झटपट मार्ग राहत्या घरांसाठी आहे, दुकानासाठी तिथे खेटे घालू नका. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याज आणि खर्चासह कोर्टात भरली, पुढचं भाडंही भरत राहिला, तर गाळा त्याच्याकडेच राहतो. पैसे मिळतात, ताबा नाही. हे आधीच मनाशी धरा.

भाडेकरू एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाची (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले पैसे) कंपनी असेल तर हा कायदाच लागत नाही, वकिलाला ते पहिल्यांदा सांगा. गाळा बाईमाणसाच्या नावावर असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही.